अध्यक्षपदाच्या मर्यादा : नामदार गोखले आणि बनारसचे अधिवेशन

नेसरीत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा निकाल लागला, की बाजारपेठेतून गुलालाची मिरवणूक निघते. हलगी वाजते, फटाके फुटतात आणि निवडून आलेल्या माणसाच्या गळ्यात इतके हार पडतात, की त्याचा चेहराही धड दिसत नाही. त्या दिवशी गावाला वाटते, की आता पाण्याचा प्रश्न सुटला, रस्ता झाला, गटार बांधून पूर्ण झाले. पुढे पावसाळा येतो, गुलाल धुऊन जातो आणि त्याच कट्ट्यावर तीच माणसे म्हणू लागतात, ‘काही पालटले नाही.’

एका रविवारी मिस्सानंतर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने मला गाठून विचारले, ‘फादर, गावाचा असो की देशाचा, नवा अध्यक्ष आला की सगळे पालटणार असे वाटते. मग पालटत का नाही? माणूस खोटा असतो, की खुर्चीच खोटी असते?’ त्याला त्या दिवशी मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. ते त्याचे समाधान करणारे नव्हते आणि माझेही नव्हते. प्रश्न मात्र मनात राहिला. इतिहासाची पाने चाळताना त्याचे जे उत्तर मला सापडले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न काही आपल्याच गावापुरता नाही. अमेरिकेत १८६० सालच्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. गुलामगिरीचे ते विरोधक म्हणून जगाला ठाऊक होते. तथापि त्यांची प्रसिद्ध मुक्तिघोषणा अमलात यायला १ जानेवारी १८६३ हा दिवस उजाडावा लागला, आणि तीही केवळ बंड केलेल्या प्रदेशांपुरती होती. गुलामगिरी कायद्याने समूळ नष्ट करणारी घटनादुरुस्ती १८६५ सालच्या डिसेंबरात पूर्ण झाली. तोवर लिंकन यांची हत्या होऊन आठ महिने लोटले होते. आपल्या देशात राष्ट्रपती हे सर्वोच्च पद असले, तरी राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या अनुच्छेदानुसार त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे लागते. म्हणजे पद जितके उंच, तितकी त्याची कुंपणेही पक्की, असे दिसते.

परंतु लिंकनपर्यंत दूर जाण्याचे कारण नाही. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या मातीत वाढलेल्या एका माणसाच्या चरित्रात मिळते. नेसरीहून गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी असे करीत कोल्हापूरला जाताना वाटेत कागल लागते. या कागलात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे बालपण गेले. हा मुलगा पुढे एकोणचाळिसाव्या वर्षी राष्ट्रीय सभेचा, म्हणजे काँग्रेसचा, अध्यक्ष झाला.

आमच्या नेसरीचे नाव इतिहासात आहे ते एका वेगळ्याच माणसामुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि नेसरीच्या खिंडीत धारातीर्थी पडले, असे परंपरा सांगते. त्यांच्या स्मारकापुढे मस्तक नम्र होते आणि व्हावेही. या स्मृतीने आपल्या मनात पुढाऱ्याचे एक चित्रही कोरून ठेवले आहे. पुढारी म्हणजे घोड्याला टाच मारून झेप घेणारा! गोखले या चित्रात बसत नाहीत. त्यांनी झेप घेतली नाही. ते आकडे मोजीत राहिले, अर्ज लिहीत राहिले आणि समुद्र ओलांडून मंत्र्यांच्या दारी जात राहिले. म्हणूनच नव्या अध्यक्षाची शक्ती किती आणि मर्यादा किती, हे त्यांच्या चरित्रात अधिक स्पष्ट दिसते.

कागलचा मुलगा

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कृष्णराव कागल जहागिरीच्या चाकरीत होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागलातच पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी दरमहा पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घर चालत असे. त्या आठ रुपयांवर गोपाळ कोल्हापुरात शिकला, राजाराम महाविद्यालयात गेला आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाला. शिक्षणाची किंमत काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे आयुष्याच्या अखेरीस त्यांनी जी मोठी लढाई लढली आणि हरली, ती शिक्षणासाठीच होती, हे या ठिकाणी लक्षात ठेवावे.

त्यानंतरची वीस वर्षे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गेली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याजवळ त्यांनी अर्थशास्त्राचे व सार्वजनिक कामाचे धडे घेतले. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे पडताळायचे आणि एकही वाक्य पुराव्यावाचून लिहायचे नाही, अशी ती कठोर शिस्त होती. या शिस्तीचा एक कटू अनुभवही त्यांना आला. १८९७ साली ते इंग्लंडमध्ये असताना पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सोल्जरांच्या अत्याचारांची पत्रे त्यांना आली. त्यांतील मजकूर त्यांनी तेथे जाहीर केला. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेतले पाहिजे, असे मानून त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीमुळे स्वकीयांनी त्यांना भित्रा म्हटले. अध्यक्ष होण्याच्या आठ वर्षे आधी हा माणूस लोकांच्या रोषाचा धनी होता, हे विसरून चालणार नाही.

१९०२ साली ते कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. त्याच वर्षी २६ मार्च रोजी अंदाजपत्रकावर त्यांनी जे पहिले भाषण केले, त्याने सरकारी बाकेही स्तब्ध झाली. सरकारी तिजोरीत शिल्लक दिसते म्हणून जनता सुखी आहे असे मानू नका, ही शिल्लक जड करांतून आलेली आहे, असे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची मागणी होती. त्या वेळी मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ साली तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. हे सारे एकट्या गोखल्यांचे यश नव्हे, कारण मागणी जुनी होती आणि मागणारे पुष्कळ होते. तथापि हाती मतांचे बळ नसताना केवळ बिनतोड मांडणीने किती साधते, याचा हा नमुना होता.

चार दिवसांचे सिंहासन

१९०५ साल उजाडले ते वादळ घेऊन. लॉर्ड कर्झन यांनी बंगालची फाळणी केली आणि १६ ऑक्टोबर रोजी ती अमलात आली. बंगालात घरोघरी चूल बंद राहिली. स्वदेशीच्या शपथा झाल्या आणि परदेशी मालावर बहिष्कार पुकारला गेला. अशा वेळी डिसेंबरात बनारसला भरणाऱ्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद गोखल्यांकडे आले. लोकांच्या अपेक्षा आभाळाला भिडल्या होत्या.

पण हे अध्यक्षपद म्हणजे नेमके काय होते? त्या काळी काँग्रेस म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस तीन-चार दिवस भरणारी परिषद होती. अध्यक्ष अधिवेशनात भाषण करी, ठराव मंजूर करून घेई आणि मंडप उतरला की आपल्या गावी परते. वर्षभर राबणारी कार्यकर्त्यांची फळी नव्हती, भरीव निधी नव्हता. फिरोजशहा मेहतांसारखे प्रांतोप्रांतीचे वजनदार पुढारी सभेची सूत्रे हलवीत. सरकारच्या लेखी तर या अध्यक्षाला काहीच स्थान नव्हते. त्याच्या सहीने गावचा एक तलाठीसुद्धा बदलला नसता.

गोखल्यांनी अध्यक्षीय भाषणात कर्झनशाहीवर कठोर टीका केली आणि तिची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली. एकाच माणसाच्या हाती सारी सत्ता, रयतेवर अविश्वास आणि रात्रंदिवस राबूनही शेवटी अपयश, हे त्या तुलनेतले सूत्र होते. स्वदेशीला त्यांनी मनापासून उचलून धरले. बहिष्काराबद्दल मात्र ते सावध होते. हे हत्यार अगदी निकरावर आल्यावरच काढावे, असे त्यांचे मत होते. साम्राज्यातील इतर वसाहतींप्रमाणे हिंदुस्थानला स्वराज्य मिळावे, हे ध्येय त्यांनी सभेपुढे ठेवले.

मंडपात मात्र सारेच त्यांच्या मताचे नव्हते. लोकमान्य टिळक, लाला लजपतराय आणि बंगालचे तरुण प्रतिनिधी यांना याहून जहाल पाऊल हवे होते. त्या वेळी इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या स्वागताचा ठराव विषयनियामक समितीत येताच वाद पेटला. बंगाल दुःखात असताना स्वागत कसले, हा आक्षेप काही चुकीचा म्हणता येत नाही. गोखल्यांनी विरोधकांची वैयक्तिक भेट घेऊन विनवणी केली. अखेर विरोध करणाऱ्यांनी ठरावाच्या वेळी मंडपाबाहेर राहावे, अशी तडजोड झाली. बहिष्काराच्या ठरावातही अशीच शब्दांची कसरत झाली. बंगालच्या बहिष्काराचे समर्थन करायचे, पण तो साऱ्या देशाने स्वीकारल्याचे म्हणायचे नाही, अशी ती रचना होती.

नव्या अध्यक्षाची पहिली मर्यादा येथे दिसते. लोक समजतात, की अध्यक्ष आपल्या माणसांना हाकतो. प्रत्यक्षात त्याची निम्मी शक्ती आपल्याच माणसांना एका मंडपात बसवून ठेवण्यात खर्च होते. बनारसला गोखल्यांनी मंडप मोडू दिला नाही. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९०७ मध्ये, सुरतेला तो मोडला. रासबिहारी घोष अध्यक्ष असताना व्यासपीठावर जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि सभा दुभंगली. पुढच्या वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेण्यात आले. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले ते १९१६ साली लखनौला. तो दिवस पाहायला गोखले हयात नव्हते.

मोर्ले साहेबांचे दार

बनारसच्या सभेने गोखल्यांना आपले प्रतिनिधी म्हणून इंग्लंडला पाठवण्याचे ठरवले. काळही अनुकूल वाटत होता. कर्झन गेले होते आणि विलायतेत डिसेंबर १९०५ मध्ये उदारमतवादी पक्षाचे मंत्रिमंडळ आले होते. जॉन मोर्ले हिंदुस्थानचे मंत्री झाले. मोर्ले म्हणजे मोठे विद्वान, स्वातंत्र्याचे भाष्यकार! गोखल्यांच्या पिढीने त्यांची पुस्तके शिष्यभावाने वाचली होती. हिंदी सुशिक्षितांना वाटले, की गुरूच सत्तेवर आला.

१९०६ साली गोखले त्यांना अनेकदा भेटले. मोर्ले आपुलकीने बोलत, ऐकून घेत. पण फेब्रुवारीतच पार्लमेंटात त्यांनी सांगून टाकले होते, की बंगालची फाळणी ही आता ठरून गेलेली गोष्ट आहे. सुधारणा द्यायच्या, पण व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्या संमतीने. मिंटोंनी त्या सुचवायच्या, पण आपल्या अधिकाऱ्यांना सांभाळून. आणि अधिकाऱ्यांनी मसुदा करायचा तो आपल्या हातची सत्ता निसटणार नाही अशा बेताने. गोखल्यांना वाटले होते, की हे सत्तेचे दार आहे. दार उघडल्यावर दिसले, की आत दुसरे दार आहे. मोर्ले मंत्री होते, पण तेही आपल्या आसनाला जखडलेले होते. हिंदुस्थानात संसदीय राज्यपद्धती आणण्याचा आपला हेतू नाही, असे त्यांनी डिसेंबर १९०८ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात स्पष्टच सांगितले.

तरीही काही हाती आले. १९०७ साली लंडनच्या इंडिया कौन्सिलात कृष्ण गोविंद गुप्ता आणि सय्यद हुसेन बिलग्रामी हे दोन हिंदी सभासद नेमले गेले. १९०९ साली सुधारणांचा कायदा झाला. कायदेमंडळे मोठी झाली. सभासदांना ठराव मांडण्याचा आणि पूरक प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे पहिले हिंदी सभासद आले. मात्र याच कायद्याने मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ आले, ज्यांची कडू फळे देशाने पुढे चाखली. आणि व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत जसेच्या तसे राहिले. या एका तरतुदीची किंमत गोखल्यांना तीन वर्षांनी मोजावी लागली.

अडतीस विरुद्ध तेरा

नव्या कायद्याने मिळालेला ठरावाचा हक्क गोखल्यांनी ताबडतोब वापरला. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले म्हणून तो मागे घेतला. आश्वासनातून काही निघेना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच आणले.

ते विधेयक वाचले, की आज आश्चर्य वाटते, इतके ते सौम्य होते. जेथे मुलांची शाळेतील हजेरी आधीच ठरावीक प्रमाणात आहे, अशाच ठिकाणी, तेथील स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर आणि सरकारची परवानगी मिळाली तर, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करावी, एवढेच त्यात होते. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ असावी, अशीही तरतूद होती. पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये पाठवणाऱ्या थोरल्या भावाची आठवण या कलमामागे नसेल, असे मला तरी वाटत नाही.

सरकारतर्फे शिक्षणखात्याचे सभासद हार्कोर्ट बटलर यांनी विरोध केला. पैसा नाही, वेळ आलेली नाही, लोकांची मागणी नाही, ही कारणे पुढे आली. आणि येथे एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विरोध करणारे सारे इंग्रज नव्हते. शेतावर राबणारी मुले शाळेत गेली तर आपले काय, ही चिंता असणारे आपल्याकडचे जमीनदारही होते. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस! विधेयक फेटाळले गेले.

गोखल्यांना निकाल आधीच ठाऊक होता. भाषणात त्यांनी तक्रार केली नाही. आपल्या पिढीला मुख्यतः आपल्या अपयशांतूनच देशाची सेवा करायची आहे, यश पुढच्यांना मिळेल, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. यानंतर तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

बंगालची फाळणी मात्र त्यांच्या हयातीत रद्द झाली. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात ती घोषणा केली पंचम जॉर्ज यांनी. बनारसला ज्यांच्या स्वागतावरून मंडप फुटायची वेळ आली होती, तेच हे युवराज आता बादशहा झाले होते. जी गोष्ट ठरून गेलेली म्हणून सांगितली जात होती, ती सहा वर्षांत फिरली. ती गोखल्यांच्या अर्जांनी फिरली, असे म्हणणे खरे नव्हे. बंगालच्या जनतेचा बहिष्कार, जहालांचे आंदोलन, सरकारची राजकीय गणिते, या साऱ्यांनी मिळून ती फिरवली. नुसत्या सनदशीर मार्गाने सरकार हलत नाही, हे टिळकपक्षाचे म्हणणे या बाबतीत बरेचसे खरे ठरले, आणि गोखल्यांवर प्रेम असणाऱ्यांनीही ते मान्य केले पाहिजे.

कोल्हापूरचा हुकूम

आता कागलकडे पुन्हा वळू. गोखले ज्या कागलात वाढले, त्याच कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव जन्मले. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि राजर्षी शाहू छत्रपती म्हणून अजरामर झाले. जहागिरीतल्या नोकराचा मुलगा आणि जहागीरदाराचा मुलगा! दोघांचे मार्ग निराळे, समाज निराळा आणि राजकारणही निराळे.

१९१७ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. गोखल्यांचे विधेयक कलकत्त्यात फेटाळले गेल्याला त्या वेळी पाचच वर्षे झाली होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी तर हे पाऊल १८९३ साली अमरेली भागात टाकून १९०६ साली साऱ्या संस्थानात नेले होते, आणि गोखल्यांनी आपल्या युक्तिवादात बडोद्याचा दाखला दिला होता.

येथे वाचक म्हणतील, की ज्याच्या हाती हुकूम आहे त्याने बदल घडवला आणि ज्याच्या हाती केवळ अध्यक्षपद होते त्याला तो घडवता आला नाही, एवढाच याचा अर्थ. हा अर्थ बरोबर आहे, पण अपुरा आहे. महाराजांच्या हातीही इंग्रजांचा रेसिडेंट डोक्यावर असलेली मर्यादित सत्ता होती. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. हुकूम एका दिवसात निघाला. पण गावोगावच्या शाळांतले आणि पाणवठ्यांवरचे अंतर त्या एका दिवसात मिटले नाही, हे आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको. हुकूम कायदा बदलतो. माणसाची सवय बदलायला हुकूम देणाऱ्याच्या आयुष्याहून अधिक काळ लागतो.

बेळगावची साक्ष

एवढ्यावरही कोणी म्हणेल, की गोखले मवाळ होते, जनता त्यांच्यामागे नव्हती. जनतेचे प्रेम पाठीशी असते तर गोष्ट निराळी झाली असती. याचे उत्तर नेसरीहून फार दूर नाही. आपली माणसे बाजारहाटाला आणि दवाखान्याला ज्या बेळगावला जातात, तेथेच ते आहे. गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानणारे महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ते हे बेळगावचे अधिवेशन, डिसेंबर १९२४. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सारी व्यवस्था उभी केली होती. त्या वेळी गांधीजींइतके लोकप्रेम देशात दुसऱ्या कोणाला लाभले नव्हते.

तरीही अध्यक्ष म्हणून त्यांना काय करावे लागले? कायदेमंडळात जाणे त्यांना मान्य नव्हते. पण चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाला तो मार्ग हवा होता, आणि त्यांच्याशी झालेला करार बेळगावला मान्य करावा लागला. त्या बदल्यात प्रत्येक सभासदाने दरमहा दोन हजार वार सूत द्यावे, ही आपली अट त्यांनी सभेकडून मंजूर करून घेतली. सूत काही आले नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२५ मध्ये, पाटण्याच्या बैठकीत चार आणे वर्गणीचा पर्याय पुन्हा द्यावा लागला. ज्याच्या एका शब्दावर हजारो माणसे तुरुंगात गेली होती, त्याच्या अध्यक्षपदाला सभासदांच्या हातून सूत कातून घेता आले नाही. गांधीजींची खरी शक्ती खुर्चीत नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ती पुन्हा स्वीकारली नसावी.

मग अध्यक्षाने करायचे काय?

गोखल्यांच्या आयुष्यात १९०५ सालची दोन कामे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. डिसेंबरातले अध्यक्षपद सर्वांना दिसले. त्यापूर्वी सहा महिने, १२ जून रोजी, पुण्यात त्यांनी मोजक्या सोबत्यांसह भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. त्या दिवशी गुलाल उडाला नाही. अल्प वेतनावर आयुष्य देशकार्याला वाहणारे कार्यकर्ते तयार करणे, एवढाच त्या संस्थेचा संकल्प होता. तेथून नारायण मल्हार जोशी आले, ज्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांत आयुष्य घालवले आणि १९२० साली देशातील पहिल्या अखिल भारतीय कामगार संघटनेच्या उभारणीत मोलाचा वाटा उचलला. तेथूनच आदिवासींचे आणि हरिजनांचे सेवक ठक्कर बाप्पा आले. बनारसचे ठराव आज अभ्यासकांखेरीज कोणाला आठवत नाहीत. या माणसांनी उभी केलेली कामे मात्र कित्येक दशके चालली.

आणि ते फेटाळलेले विधेयक? १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. इतर प्रांत मागून आले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने हे ध्येय मार्गदर्शक तत्त्वांत लिहिले. २००२ साली घटनादुरुस्तीने शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क झाला, २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. १९११ ते २०१०, म्हणजे नव्व्याण्णव वर्षे! आज आपल्या वाडीवस्तीवरची मुले दप्तर घेऊन सकाळी शाळेला निघतात, तेव्हा त्या रांगेच्या अगदी टोकाला मला कागलचा एक मुलगा दिसतो, ज्याच्या हाती भावाने पाठवलेले आठ रुपये आहेत.

मिस्सानंतर भेटलेल्या त्या तरुणाला मी आता असे सांगेन : बाळा, खुर्ची खोटी नसते आणि माणूसही नेहमीच खोटा नसतो. आपली अपेक्षा चुकीची असते. आपण अध्यक्षाला मत देतो आणि सारे ओझे त्याच्या शिरावर ठेवून घरी जातो. नवा अध्यक्ष चार गोष्टींनी बांधलेला असतो : त्याच्या पदाची मुदत, त्याच्या सोबत्यांचे मतभेद, ज्यांच्या हाती प्रत्यक्ष सत्ता आहे त्यांची इच्छा आणि ज्यांच्यासाठी बदल करायचा त्या समाजाच्या जुन्या सवयी. पहिल्या तिघांवर त्याचे थोडेफार चालते. चौथ्यावर चालते ते फक्त आपले. विधेयक पाडणाऱ्या अडतिसांत सरकार होते, हे खरे. पण ‘पोरगे शाळेत गेले तर गुरे कोण राखणार’ असे घरोघरी म्हणणारा समाजही त्या अडतिसांच्या मागे अदृश्यपणे उभा होता.

तेव्हा पुढल्या निवडणुकीनंतर गुलाल अंगावर असतानाच नव्या सरपंचाला, नव्या अध्यक्षाला, आपल्या एखाद्या मंडळाच्या नव्या कार्यवाहालाही, दोन प्रश्न विचारावेत. तुम्ही काय बदलणार, हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही कोणाला तयार करणार आणि तुम्ही गेल्यावर काय चालू राहील, हे आपण विचारावे. आणि तिसरा प्रश्न घरी गेल्यावर, दार लावून, स्वतःला विचारावा : त्या तेरांत मी होतो, की अडतिसांत?

नेसरीच्या खिंडीतले सात वीर एका क्षणात अमर झाले. कलकत्त्याच्या त्या सभागृहात पडलेल्या तेरा मतांचे स्मारक कोठे नाही. गावागावातल्या शाळेची घंटा वाजते, तेच त्यांचे स्मारक, असे मानून मी हा लेख संपवतो.